बंपर घोडबंदरला तुटला, घाम क्लेमने फोडला
गाडीच्या विम्याला दोन स्टार, आणि तेही गॅरेजमधल्या पोरामुळे.

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर गायमुख घाटात पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही. मागे ट्रेलर, बाजूला डंपर, गाडी वळवणार कुठे? बंपर खालून फाटला. सुतळीने बांधून कासारवडवलीच्या गॅरेजपर्यंत खरडत आणला.

पॉलिसी विकताना फोनवरचा माणूस म्हणाला होता, "सर, सगळं कव्हर आहे." नुकसान बघायला विमा कंपनीचा सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी उगवला, चार फोटो काढले, चहा नको म्हणाला आणि गेला. मग कळलं, झिरो डेप, म्हणजे पार्ट जुना म्हणून पैसे न कापण्याचं जादा कव्हर, घेतलेलं नाही, म्हणून प्लास्टिकच्या पार्टचे 50 टक्के कापणार. अहो, बंपर प्लास्टिकचाच असतो की! वर क्लेममागे सक्तीचे 1000 रुपये माझ्याच खिशातून. शिवाय क्लेम घेतला की पाच वर्षं जपलेला 50 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची हप्त्यातली सूट, पुढच्या हप्त्याला शून्य. हिशेब मांडला तर क्लेम न घेणंच स्वस्त. बायको म्हणाली, "मग हप्ता भरतो कशाला आपण?"

शेवटी गॅरेजमधल्या पोराने प्लास्टिक वेल्डिंग करून 1800 रुपयांत बसवून दिला. सांधा दिसतो, पण हलत नाही.

काल रिन्यूअलचा फोन आला. "सर, सगळं कव्हर आहे."