चोवीसनंतर थेट चौतीस: घडीच्या सायकलचे गिअर बदलून आठ महिने

सध्या माझ्या सायकलचं मागचं चाक बाल्कनीत कपड्यांच्या स्टँडला टेकून उभं आहे आणि मी दोन दिवस रिक्षाने ऑफिसला जातोय. रिक्षाचे पैसे मी याच खर्चात धरले आहेत.

सायकल नेहमीचीच. २० इंची, पुढे ५२ दाते, मागे १४-२८चं सात गिअरचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा गठ्ठा: सगळ्यात लहान चकतीला १४ दाते, मोठीला २८. मागे दाते जास्त तितका गिअर हलका. सपाटीला काही तक्रार नाही. पण पुण्यात कोथरूडहून बावधनला जायचं म्हणजे चांदणी चौकाचा चढ आला, आणि तिथे सगळ्यात हलक्या गिअरलाही मांड्या भरून यायच्या. म्हणून मागे १४-३४ टाकलं. गिअर सातच राहिल्यामुळे शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) जुनाच चालला, तेवढीच बचत.

दुकानदार म्हणाला, "काका, चेन तीच चालेल." नाही चालली. चौथ्या दिवशी चढावर ३४ला टाकली तर चेन तारेसारखी ताणली गेली, डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) पुढे खेचला आणि तो ज्याला लटकतो तो हँगर वाकला. परत गेलो तर वर मलाच ऐकवलं, "चढावर गिअर बदलायचा नसतो." मग काय पार्किंगमध्ये बदलायचा? हँगर आणि नवी लांब चेन, दोन्ही माझ्याच खिशातून.

आता मूळ दुखणं. या फ्रीव्हीलचे दाते असे: १४, १६, १८, २०, २२, २४ आणि मग एकदम ३४. मधे काही नाही! २४वर पाय जड, म्हणून खट् करून पुढचा टाकावा, तर अंधारात जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसा पाय पोकळीत जातो. वेग तुटतो तो तुटतोच. या उडीबद्दल मी घरी इतकं बोललोय की जेवताना 'चौतीस' म्हणायला बंदी आहे.

सवय होईल म्हणून तीन महिने काढले. थोडी झालीही, तेव्हा कोणी विचारलं असतं तर 'घ्या' म्हणालो असतो. मग जोर चढला आणि पुढचं ५२ काढून ४४ बसवलं. जुनी चकती क्रँकला (पॅडलच्या दांड्याला) रिव्हेटने ठोकलेली, म्हणजे आख्खा क्रँकसेट घेणं आलं. उतारावर आता पाय नुसते गरगरतात, पण पौड रस्त्याच्या सिग्नलना माझ्या टॉप स्पीडचं काय पडलंय?

एका रविवारी चहा घेताना कागदावर हिशोब मांडला आणि चहा गार झाला. टायरचा घेर साधारण दीड मीटर. ५२-३४ला (पुढे ५२, मागे ३४) पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल २.३ मीटर जाते. ४४-२८ला २.३५. म्हणजे मागे हातही न लावता नुसता क्रँक बदलला असता तरी तोच चढ निघाला असता, आणि ती उडीही आली नसती. आता ४४-२४ला २.७५ मीटर, म्हणजे जवळपास जुनाच जड गिअर, आणि ४४-३४ला १.९५, म्हणजे लहान मुलांची तीनचाकी. मला हवाय तो मधला २८ घरात बिस्किटाच्या डब्यात पडून आहे.

चेनचं तर बोलूच नका. मागे सहा दाते वाढले, पुढे आठ घटले, म्हणजे जुनीच चेन बसली असती. ती दुकानात राहिली. नवी आता १४वर लोंबते आणि घडी घातली की हमखास पडते. ऑफिसच्या दोन पँटवर उजव्या पोटरीला काळा शिक्का आहे.

म्हणून शनिवारी जुनं १४-२८ परत बसवायला घेतलं. फ्रीव्हील काढायचा पाना आणला, १५० रुपये. पण फ्रीव्हील आट्यांवर बसतं आणि प्रत्येक पॅडलबरोबर आवळत जातं. आठ महिने चांदणी चौक चढून मीच ते आवळून ठेवलंय. पान्यावर उभा राहिलो तरी हललं नाही. पाना मोठ्या व्हाइसमध्ये (टेबलाला घट्ट बसवलेल्या पकडीत) पकडून आख्खं चाकच फिरवावं लागेल. आसपास व्हाइस असलेलं वर्कशॉप कोणाला माहीत असेल तर सांगा, नवं दुकान नको.