५०६०, ९०६० एक्सटी की बी५८०: जुन्या पीसीत नवं ग्राफिक कार्ड टाकताना

ऐरोलीचा माझा मावसभाऊ दोन महिने झाले रोज रात्री एक तरी व्हिडिओ पाठवतोय. आज "दादा हे बघ, यात ५०६० पुढे आहे", उद्या "दादा हा तर म्हणतो ८ जीबीचं कार्ड फुकट दिलं तरी घेऊ नका". पीसी त्याचा २०१९ मध्ये आम्ही दोघांनीच बसून जोडलेला, रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, आणि तेव्हा पैसे संपले म्हणून माझं जुनं जीटीएक्स १०६० त्यात टाकलं, तात्पुरतं म्हणून. ते तात्पुरतं अजून चालूच आहे. असाच पीसी घरी असलेले अजून दोघंतिघं मित्र हेच विचारत होते म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं.

१०६० बदलायला हवं यात वाद नाही. २०१६ चं कार्ड आहे, एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ पासून त्या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर बंद केले, आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सिक्युरिटीचे अपडेट येणार. आणि डूम द डार्क एजेस सारखे गेम आता कार्डात हार्डवेअर रे ट्रेसिंग (उजेड-सावल्या खऱ्यासारख्या काढायची सोय) नसेल तर चालूच होत नाहीत, सेटिंग कितीही खाली आणा.

आता मुख्य मुद्दा, जो त्या व्हिडिओंमध्ये ओझरता येतो. तिथली बहुतेक टेस्टिंग सगळ्यात महागड्या नव्या प्रोसेसरवर आणि नव्या बोर्डवर होते. आपला बी४५० बोर्ड पीसीआयई जेन ३ चा, म्हणजे कार्ड बसतं तो स्लॉट तिसऱ्या पिढीचा. लेन म्हणजे त्या स्लॉटमधल्या डेटाच्या वाटा, पिढी जितकी नवी तितक्या वेगवान. एनव्हिडियाची आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआय स्लॉटमधल्या १६ पैकी फक्त ८ लेन वापरतात, इंटेलचं बी५८० पण ८, आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी मात्र सगळ्या १६. जेन ५ च्या बोर्डवर ८ लेन म्हणजे भरपूर झाल्या, पण जेन ३ वर ८ लेन म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबी आणि १६ लेन म्हणजे त्याच्या दुप्पट. ऐरोली पुलावर रात्री दोन वाजता एक लेन बंद असली तरी कुणाला कळत नाही, संध्याकाळी सात वाजता कळतं. इथे पण तसंच, गेमचे टेक्स्चर (भिंती, जमीन, कपडे यांवरची चित्रं) कार्डच्या स्वतःच्या मेमरीत मावतायत तोपर्यंत लेन किती आहेत याने फारसं काही बिघडत नाही, पण मेमरी भरली की कार्ड साध्या रॅममधून माल ओढायला लागतं आणि मग तो रस्ता जाम होतो, फ्रेम छान दिसत असतात आणि मधेच गाडी ब्रेक मारल्यासारखा झटका बसतो. म्हणजे ८ जीबी मेमरी, ८ लेन आणि जेन ३ बोर्ड हे तीन एकत्र आले की सगळ्यात वाईट, आणि ५०६० घेतलं तर आपल्याकडे नेमकं तेच होतं.

म्हणून ५०६० टाकाऊ आहे असं नाही हां. मे २०२५ मध्ये २९९ डॉलरला आलं, १४५ वॅटच खातं, डीएलएसएस (छोटं चित्र एआयने मोठं करून फ्रेम वाढवणारं एनव्हिडियाचं तंत्र) भरपूर गेममध्ये आहे आणि दिसायला अजूनही बहुतेक ठिकाणी बाकीच्यांपेक्षा स्वच्छ दिसतं. तुम्ही व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक, जीटीए ५ एवढंच १०८०पी मॉनिटरवर खेळणार असाल तर ८ जीबी भरत नाही, लेनचा प्रश्नही येत नाही, बिनधास्त घ्या. खरं तर व्हॅलोरंटला प्रोसेसरच जास्त लागतो, त्याच्यासाठी कार्ड घेताय तर आधी दोनदा विचार करा. ती चार पट फ्रेम बनवायची जाहिरात आहे ना, तिच्यावर जाऊ नका, मुळात सेकंदाला ५०-६० फ्रेम येत असतील तरच ती चांगली वाटते, ३० च्या ठिकाणी लावली की आकडा वाढतो पण माउस चिखलात चालल्यासारखा वाटतो.

आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी हे माझ्या मते जुन्या बोर्डसाठी सगळ्यात सरळ उत्तर. १६ लेन आहेत, १६ जीबी आहे, म्हणजे मेमरी सहसा भरत नाही आणि भरली तरी रस्ता रुंद आहे. जून २०२५ मध्ये ३४९ डॉलरला आलं. पण याच नावाचं ८ जीबीवालं पण आहे, २९९ वालं, आणि ऑनलाइन यादीत दोन्ही शेजारी शेजारी दिसतात, फोटो पण सारखाच, तेव्हा "भाऊ ऑफरमध्ये मिळालं" म्हणत चुकीचा डबा घरी आणू नका. ५०६० टीआयमध्ये पण हाच खेळ आहे, ८ जीबी ३७९ आणि १६ जीबी ४२९. आणि हे कार्डं बाजारात आली तेव्हाचे डॉलर मी फक्त कोण स्वस्त कोण महाग ते कळावं म्हणून देतोय, सरळ रुपयात गुणाकार करून दुकानदाराशी भांडू नका, वर १८ टक्के जीएसटी आणि मधल्या लोकांचा वाटा असतो.

एएमडीचं कमी काय ते पण सांगतो. एफएसआर ४, म्हणजे डीएलएसएसला एएमडीचं उत्तर, चांगलं आहे, आधीच्या एफएसआरसारखं धुरकट नाही, पण ते असलेले गेम डीएलएसएसपेक्षा कमी. रे ट्रेसिंग पूर्वीपेक्षा बरंच सुधारलंय, तरी फुल लावलं तर एनव्हिडिया पुढे. आणि ब्लेंडर, थ्रीडी रेंडर, कूडावर (एनव्हिडियाच्याच कार्डांवर चालणारी प्रणाली) चालणारं कुठलंही काम असेल तर एएमडी मागे पडतं, काही सॉफ्टवेअर तर चालतच नाहीत.

इथेच आमच्याकडे घोळ झाला. मावसभाऊ एकटा वापरत असता तर विषय केव्हाच संपला असता, पण त्याची धाकटी बहीण इंटिरियर डिझाइन शिकतेय आणि रात्री त्याच पीसीवर रेंडर लावून झोपते, ते त्याने दोन महिन्यात मला एकदाही सांगितलं नव्हतं! मग मात्र ५०६० टीआय १६ जीबी बघावं लागतं. लेन आठच, पण १६ जीबी असल्यामुळे त्या लेनवर ताण क्वचितच येतो. पैसे जास्त जातात. म्हणून म्हणतो, कार्ड कुठलं हे विचारायच्या आधी घरात पीसी कोण कोण वापरतं ते विचारा.

इंटेल आर्क बी५८० वर मावसभावाचा फार जीव, कारण १२ जीबी आणि २४९ डॉलर, डिसेंबर २०२४ चं. कागदावर भारीच आहे. पण जुन्या प्रोसेसरबरोबर ते दमतं, त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त ओझं टाकतो आणि ३६०० सारख्यावर फ्रेम चांगल्याच खाली येतात. शिवाय बायोसमध्ये रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू नसेल तर त्याला हात लावू नका. तुमच्याकडे अलीकडचा प्रोसेसर असेल तर जरूर बघा, स्वस्तात १४४०पी खेळायला चांगलं आहे. आमच्यासाठी बाद.

सेकंडहँडमध्ये आरटीएक्स ३०६० १२ जीबी. २०२१ चं कार्ड, वेग नव्यांपेक्षा कमी, पण लेन १६, मेमरी १२, म्हणजे जुन्या बोर्डला हे पण मानवतं, आणि बजेट अगदीच तंग असेल तर मी ८ जीबीच्या नव्या कार्डाआधी याचा विचार करीन. फक्त सप्टेंबर २०२२ पर्यंत इथेरियमचं मायनिंग, म्हणजे कार्डांवर सतत गणितं चालवून ते डिजिटल चलन कमावणं, जोरात होतं आणि त्यात रात्रंदिवस घासलेली बरीच कार्डं नंतर बाजारात आली. मी एकदा खारघरला एकाच्या घरी जाऊन कार्ड बघितलं, त्याने गेमचा मेनू उघडून दाखवला, "बघा मक्खन", मी पण मान डोलावली आणि पैसे दिले, घरी आणून अर्धा तास खेळलो तर एक पंखा फिरतच नव्हता. तेव्हा अर्धा तास गेम चालवून दाखवा म्हणायचं, लाजायचं नाही, चहा तो पाजेलच. बिल आणि वॉरंटी उरलेली असेल तर उत्तम.

वीज बिलाची काळजी मावशीला होती. बी५८० चे १९० वॅट आणि ५०६० चे १४५, फरक ४५ वॅटचा, रोज तीन तास खेळला तरी महिन्याला चार युनिट. महावितरणच्या बिलात तो शोधूनही सापडणार नाही. उकाडा मात्र खरा आहे, मे महिन्यात दार लावून बिना एसीच्या खोलीत बसलात की कार्डाची गरम हवा तुमच्याच अंगावर. कार्ड लावायच्या आधी आतली धूळ काढून घ्या, घोडबंदर रोडला मेट्रोचं काम चालू झाल्यापासून माझ्या कॅबिनेटच्या जाळीवर दर महिन्याला थर बसतो.

पण सगळ्यात आधी एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, बघा. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला ४५० वॅटचा लोकल एसएमपीएस मी एकदा "चालतोय की" म्हणून तसाच ठेवला, नवीन कार्ड लावल्यावर चौथ्या दिवशी गेम चालू असताना फट्ट आवाज, जळका वास, आणि जाताना बोर्ड पण घेऊन गेला. चांगल्या कंपनीचा ५५०-६५० वॅटचा ब्राँझ रेटिंगवाला (वीज कमी वाया घालवणारा) घ्या. कार्ड एक पायरी खालचं घ्यावं लागलं तरी चालेल.

प्रोसेसरचं टेन्शन आत्ता नको. ३६०० नव्या कार्डाला १०८०पी वर थोडं मागे ओढेल, पण नंतर बायोस अपडेट करून त्याच बोर्डवर रायझनचाच नंतरचा ५६०० किंवा ५७००एक्स बसतो.

तर आमचं असं ठरलंय, बहिणीच्या कॉलेजच्या लॅबमध्ये रेंडर लावायला मिळतं का ते ती सोमवारी विचारणार. मिळालं तर ९०६० एक्सटी १६ जीबी, नाही मिळालं तर ५०६० टीआय १६ जीबी आणि वरचे पैसे मी घालणार, ती नंतर देईन म्हणालीय. शनिवारी ठाण्याहून दादर, तिथून ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोडला जातोय, रविवारी तिथे बहुतेक दुकानं बंद असतात. मावसभावाला कॅबिनेटच्या आतली लांबी टेपने मोजून ठेवायला सांगितलंय, तीन पंख्यांची कार्डं ३० सेंटीमीटरच्या आसपास जातात आणि त्याच्या कॅबिनेटमध्ये पुढे हार्डडिस्कचा पिंजरा आहे. अजून मोजलेलं नाही. व्हिडिओ मात्र काल रात्री पण आला.