खिशातला नवा करार आणि स्तोत्रसंहिता: ओझं वाहणाऱ्यांसाठी किती कामाची प्रत?

नवा करार, स्तोत्रसंहिता (प्रार्थनागीतं) आणि नीतिसूत्रे हे बायबलचे, म्हणजे ख्रिस्ती पवित्र शास्त्राचे, भाग एकत्र बांधलेली छोटी प्रत बहुतेकदा भेट म्हणून मिळते आणि खणात पडून राहते. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, हाताखाली माणसं असतील, मंडळीचा, म्हणजे चर्चचा, कारभार अंगावर आला असेल, तर ती बाहेर काढावी. अशा दिवसांत प्रार्थना थांबते ती विश्वास उडाला म्हणून नव्हे, तर थकलेल्या डोक्याला शब्द सुचत नाहीत म्हणून. स्तोत्रं ते शब्द हातात देतात.

नवी घेणार असाल तर आधी बांधणी पाहा. स्तोत्रं शेवटाकडे असल्यामुळे प्रत रोज त्याच जागी उघडते. नुसती डिंकाने चिकटवलेली असेल तर पाठ तिथेच आधी सुटते, म्हणून शिवलेली घ्या. कागद फार पातळ असतो. शाईचं पेन आणि ओला हायलायटर पलीकडच्या पानावर उतरतात, तेव्हा खुणा बोथट, मऊ पेन्सिलीनेच करा. अक्षर बारीक असतं आणि रात्रीच्या मंद दिव्यात त्याचा खरंच त्रास होतो. फोनवर वाचण्यापेक्षा तरीही ही प्रत बरी, कारण कामाचे निरोप त्याच फोनवर येत असतात आणि मधेच एखादा आला की प्रार्थना संपलीच.

वापरायची सर्वांत सोपी पद्धत तारखेची. आजची तारीख घ्या आणि तिच्यात ३०-३० मिळवत जा. ७ तारखेला ७, ३७, ६७, ९७ आणि १२७ ही पाच स्तोत्रं येतात. महिन्याभरात १५० पूर्ण होतात. पण ज्याच्याकडे बाराच मिनिटं आहेत त्याने पाचही वाचू नयेत, एकच निवडावं. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं: आकडा पुरा करण्याची आणखी एक जबाबदारी डोक्यावर बसते आणि आठवड्यात सगळं सुटतं. २९ तारीख तर कठीणच, त्या दिवशी ५२ वचनांचं ८९वं आणि १७६ वचनांचं ११९वं एकदम येतं. ११९वं बाजूला ठेवून ३१ तारखेला वाचावं.

११ तारीख मात्र चुकवू नका. त्या दिवशी १०१वं येतं: राज्य चालवणारा माणूस आपण घरात कसं वागू, जवळ कोणाला ठेवू आणि कोणाला नाही, हे देवासमोर सांगतो. त्याच दिवशी तीन वचनांचं १३१वं, ज्यात आवाक्याबाहेरच्या गोष्टींत न पडता जीव आईजवळच्या दूध तुटलेल्या बाळासारखा शांत केलेला आहे. कारभार पाहणाऱ्याला ही दोन्ही एकाच दिवशी लागतात.

स्तोत्र पुटपुटत वाचा. पहिल्या स्तोत्रात 'मनन' म्हणून जो मूळ हिब्रू शब्द आहे, त्याचा अर्थ तोच, हलक्या आवाजात उच्चारणं. मग जे वचन अडलं तिथे थांबा आणि आजच्या कामातली नावं त्यात घाला: आजारी माणसाचं, रागावलेल्या सहकाऱ्याचं, टाळत आलेल्या निर्णयाचं. शेवटी प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली. दुःखाची स्तोत्रं गाळू नका. २८ तारखेचं ८८वं अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही, आणि काही रात्री तेवढंच खरेपणाने म्हणता येतं.

त्याच त्या शब्दांत प्रार्थना होते म्हणून अपराधी वाटत असेल तर नव्या करारातल्या मत्तय या पुस्तकाचा २६वा अध्याय उघडा. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने तिसऱ्यांदाही तेच शब्द म्हटले. प्रेषित पौलानेही शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे सतत सलणाऱ्या एका त्रासासाठी, तीनदा विनवलं, काटा निघाला नाही, कृपा पुरेशी आहे असं उत्तर मिळालं (२ करिंथ १२). बळ म्हणजे ओझं उतरणं असं धरून बसलं की निराशा ठरलेली, म्हणून हा अध्याय लवकर वाचावा.

या प्रतीची खरी उणीव वेगळीच आहे. जबाबदारीबद्दलचे सर्वांत थेट उतारे जुन्या करारात आहेत आणि ते हिच्यात नाहीत. गणना ११ मध्ये इस्राएली लोकांचा पुढारी मोशे देवाला स्पष्ट सांगतो की हे सगळे लोक मला एकट्याला पेलवत नाहीत, त्यापेक्षा मला मारून टाक. देव त्याला रागावत नाही, ७० वडीलधारी माणसं जमवायला सांगतो. निर्गम १८ मध्ये त्याचा सासरा इथ्रो त्याला हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेमायला लावतो. नहेम्या २ मध्ये राजाचा प्यालेबरदार नहेम्या राजाचा प्रश्न आणि आपलं उत्तर यांच्यामधल्या क्षणात प्रार्थना करतो, बैठकीत उपयोगी पडेल इतकी छोटी. १ राजे ३ मध्ये शलमोन राजा न्याय करण्यासाठी ऐकणारं मन मागतो. हे उतारे हिच्यात नसल्यामुळे फक्त हीच प्रत वापरणारा बळ मागत राहतो आणि मदत मागायची राहून जाते.

उपाय सोपा आहे. पूर्ण पवित्र शास्त्रातून हे चार उतारे पातळ कागदावर उतरवून मागच्या कव्हरात ठेवा, जाड पुठ्ठ्याने पाठ उसवते. गणना ११ च्या खाली दोन ओळी कोऱ्या सोडा आणि ज्यांना या आठवड्यात काम वाटून देता येईल अशा दोघांची नावं पेन्सिलीने तिथे लिहा.