निवासी शिबिर की दर आठवड्याचा गट? मंडळीतल्या सेवकांसाठी काय निवडावं

मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, स्वयंसेवकांसाठी आणि पगारी सेवकांसाठी काहीतरी करायला हवं, यावर सगळ्यांचं एकमत लवकर होतं. संडे स्कूल घेणाऱ्या शिक्षिका थकलेल्या दिसतात, गायकवृंदात कुरबुरी असतात, कार्यालय सांभाळणाऱ्याला रविवारसुद्धा कामाचाच वाटतो. अडतं ते पुढे. सगळ्यांना तीन-चार दिवस निवासी शिबिराला न्यायचं, की मंडळीतच दर आठवड्याला दीड-दोन तासांचा गट चालवायचा? या दोन्हींत मी शिकणारा म्हणून बसलो आहे, दोन्हींच्या आखणीतही हात होता. आमच्या मंडळीसाठी निवड करायची वेळ आली तेव्हा माझा कौल एका बाजूला पडला. कारणं सांगतो. तुमच्याकडची परिस्थिती वेगळी असेल तर ती लक्षात घेऊनच वाचा.

शिबिराची बाजू हलकी नाही. बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रेषित सेवेवरून परततात, काय काय केलं ते सांगतात, आणि प्रभू येशू त्यांना पुढचं काम न देता एकांतात विसाव्याला चला म्हणतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीत त्यांना जेवायलाही सवड मिळत नव्हती. 1 राजे 19 मधल्या एलीयाचंही तसंच आहे. झुडपाखाली मरण मागणाऱ्या त्या संदेष्ट्याला आधी झोप मिळते, मग भाकर आणि पाणी, मग पुन्हा झोप. होरेब डोंगरापर्यंतचा प्रवास, तिथली देवाची मंद वाणी आणि हजाएल, येहू, अलीशा यांना अभिषेक करण्याची जबाबदारी हे सगळं त्यानंतर येतं. विसावा आधी आणि काम नंतर, हा क्रम आठवड्याच्या गटाला सहजी जमत नाही. माणसं नोकरीवरून थेट येतात आणि पहिला अर्धा तास डोक्यातला दिवस बाजूला ठेवण्यातच जातो.

पाळकांसाठी (पास्टरांसाठी) आणि पगारी सेवकांसाठी तर बाहेर जाणं मला जवळजवळ अपरिहार्य वाटतं. ज्या इमारतीत तुम्ही रोज काम करता तिथे विसावणं कठीण असतं. उपासनेत डोळे मिटले तरी माइक नीट चालतोय का, हे कान ऐकतच राहतात. स्वयंसेवकाला चर्च म्हणजे घरापासून दूर एक जागा असते. सेवकाला ती सुटी कुठून मिळणार?

आता शिबिराचं वेळापत्रक पाहा. नवजीवन आणि नेतृत्व प्रशिक्षण एकाच कागदावर बसवलं की पहिली कात्री बहुतेक वेळा शांततेला लागते. सकाळचं मनन एक तासाचं ठरलेलं असतं, आदल्या रात्रीचं सत्र लांबतं, मग मनन वीस मिनिटांवर येतं. वक्त्याचा वेळ कमी करायचा सगळ्यांना संकोच वाटतो, मौनाचा वेळ कमी करायचा कुणालाच वाटत नाही. तरीही एवढ्यावरून मी शिबिराच्या विरुद्ध गेलो नसतो. चांगला संयोजक हे सावरू शकतो.

माझा निर्णय झाला तो शेवटच्या सत्रातल्या कागदावरून.

बहुतेक शिबिरांत हा कागद असतो. कुठे त्याला संकल्पपत्र म्हणतात, कुठे कृती आराखडा. शेवटच्या सकाळी, बॅगा दाराशी आलेल्या असताना, रात्रीच्या प्रार्थनेने मन अजून ओलं असताना तो हातात येतो. परत गेल्यावर काय करणार, किती जणांना शिष्यत्वात घडवणार, कोणती नवी सेवा सुरू करणार? माणसं मनापासून लिहितात आणि भरपूर लिहितात. एका शिबिरात माझ्या शेजारच्या ताईंनी संडे स्कूलसोबत तरुण मातांचा गट आणि पहाटेची प्रार्थना सभा सुरू करण्याचं लिहिलं. त्या आधीच दोन सेवा एकट्याने ओढत होत्या. कागदावर प्रार्थना झाली, छायाचित्र निघालं, माणसं गाडीत बसली. नंतर त्या कागदाबद्दल त्यांना कुणीही विचारलं नाही. काही महिन्यांनी त्या भेटल्या तेव्हा शिबिरातल्या आनंदाबद्दल काहीच बोलल्या नाहीत. देवाला दिलेला शब्द आपण मोडला, एवढंच त्यांच्या मनात उरलं होतं. ज्यांना ताजंतवानं करायला नेलं, त्यांच्या ओझ्यात आपण भर घालून परत पाठवलं, याचं मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

इथे जेझुइट संघाचे संस्थापक, लोयोलाचे संत इग्नेशियस यांची आठवण येते. त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाला 1548 मध्ये पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली, आणि आजच्या एकांतवासांवर त्याचा खोल ठसा आहे. ग्रंथाच्या सुरुवातीला मार्गदर्शकासाठी 20 सूचना आहेत. त्यातली चौदावी मला प्रत्येक शिबिर-संयोजकाच्या हाती द्यावीशी वाटते. साधक सांत्वनाने आणि उत्साहाने भरून गेलेला दिसला, तर त्याने घाईने, अविचाराने वचन किंवा व्रत घेऊ नये म्हणून मार्गदर्शकाने त्याला सावध करावं, असं ती सांगते. आपण नेमक्या त्याच क्षणी त्याच्या हाती पेन देतो.

याच ग्रंथात आपल्या निवडीचे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी आहेत. विसावी सूचना सगळं सोडून एकांतात येऊ शकणाऱ्यांसाठी आहे. ती पूर्ण साधना साधारण 30 दिवसांची. एकोणिसावी आहे ती कामाधामात गुंतलेल्यांसाठी. त्यांनी रोज दीड तास काढावा आणि आपापल्या जागी राहूनच साधना करावी. आज ती अशी करणारे साधारण आठ-नऊ महिने घेतात आणि मधूनमधून मार्गदर्शकाला भेटतात. मंडळीचे स्वयंसेवक जवळजवळ सगळे या एकोणिसाव्या सूचनेतले लोक आहेत.

आठवड्याच्या गटाचा मोठा गुण म्हणजे इथे संकल्प लहान राहतात, कारण पुढच्या आठवड्यात कुणीतरी विचारणार असतं. ‘या रविवारी मुलांची हजेरी घ्यायला मदतनीस शोधीन’ एवढंच माणूस बोलतो. जमलं तर सांगतो, नाही जमलं तर का नाही तेही सांगतो, आणि त्या ‘का’मधूनच खरं प्रशिक्षण सुरू होतं. काम वाटून देणं हा विषय घ्या. शिबिरात निर्गम 18 वर उत्तम सत्र होतं, इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमायला सांगतो, सगळे टिपून घेतात. गटात तोच उतारा वाचला की एखादी बाई म्हणते, मी काम सोपवलं पण समोरच्याने ते माझ्यासारखं केलं नाही म्हणून परत घेतलं. आता बोलायला काहीतरी हाताशी असतं.

ही कल्पना नवी नाही. 1742 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथे मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्ली यांच्या लोकांवर इमारतीचं कर्ज होतं. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची आणि साधारण बारा जणांमागे एकाने ती गोळा करायची असं ठरलं. पेनी घ्यायला घरोघर जाताना त्या लोकांना कुणाचं घर कसं चाललंय हे दिसू लागलं, आणि त्यातूनच मेथडिस्टांच्या ‘क्लास मीटिंग’ उभ्या राहिल्या. त्यांचे पुढारी सामान्य विश्वासी होते, स्त्रियाही होत्या. पुढे 1963 मध्ये ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीने (पाळक घडवणाऱ्या संस्थेने) निवासी शिक्षणाला पर्याय काढला, कारण ज्यांच्या खांद्यावर गावातल्या मंडळ्या होत्या ते शेती आणि संसार सोडून सेमिनरीत राहायला येऊ शकत नव्हते. घरी अभ्यास, ठरावीक दिवशी शिक्षकासोबत चर्चा आणि दरम्यान प्रत्यक्ष सेवा, ही पद्धत तिथून अनेक देशांत पोहोचली.

गटाच्या उणिवाही सांगायला हव्यात. नाताळ आणि उपवासकाळ आला की भेटी रद्द होतात आणि घडी विस्कटते. शांतता मिळत नाही. सर्वांत अवघड म्हणजे आपल्याच पाळकांसमोर ‘मी थकलोय, माझी प्रार्थना कोरडी झालीय’ हे बोलायला जीभ रेटत नाही. शिबिरात अनोळखी माणसांसमोर ते सहज निघतं. यावर आम्हाला सापडलेली वाट अशी, की कुणी कोणती सेवा करायची ही यादी ज्याच्या हातात आहे त्याने गट चालवायचा नाही. दुसऱ्या मंडळीतली अनुभवी व्यक्ती मिळाली तर उत्तम. गट आठ-दहांच्या वर गेला की गप्प बसणारे गप्पच राहतात, तेव्हा दोन गट करावेत.

ऑनलाइन परिषदा आणि दोन दिवसांचे मोठे नेतृत्व मेळावे यांचा वेगळा विचार मी केला नाही. त्यांतून कल्पना मिळतात, सोबत मिळत नाही.

म्हणून माझं माप असं. स्वयंसेवकांसाठी आठवड्याचा गट, आणि वर्षातून एक-दोनदा प्रशिक्षणाचं नावही न काढता फक्त मौनाचा दिवस. पाळक आणि पगारी सेवकांसाठी बाहेरचा एकांतवास, तोही रविवार धरून, म्हणजे त्यांना खरोखर जबाबदारीतून मोकळं होता येईल. तुमच्याकडे बहुतेक स्वयंसेवक तरुण, अविवाहित, सुटी मिळवू शकणारे असतील तर हा हिशेब उलटा पडू शकतो, हे मान्य.

शिबिरच ठरत असेल तर कॅथलिकांच्या कुर्सिल्यो चळवळीकडून एक गोष्ट घ्यावी. 1940 च्या दशकात स्पेनच्या मायोर्का बेटावर सुरू झालेल्या या चळवळीत शिबिर तीन दिवसांचं असतं, आणि त्यानंतरच्या साऱ्या आयुष्याला ‘चौथा दिवस’ म्हणतात. त्या चौथ्या दिवसासाठी लहान गटाच्या नियमित भेटी असतात. तेव्हा एका मंडळीतून एकट्या माणसाला पाठवू नका, तिघं-चौघं पाठवा. परतल्यावरच्या पहिल्या भेटीची तारीख निघण्याआधीच ठरवा, आणि संकल्पाचा कागद शिबिरात न देता त्या भेटीत द्या.