थोरियम जाळायचं कशात: जड पाण्याच्या भट्टीत की वितळलेल्या मिठात?

एप्रिल २०२५ मध्ये महाजेनकोने, म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीने, रशियाच्या रोसाटॉम या सरकारी अणुऊर्जा कंपनीबरोबर थोरियमवर चालणाऱ्या छोट्या अणुभट्टीसाठी सामंजस्य करार केला. मत बनवण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी: थोरियम हे इंधन आहे आणि वितळलेलं मीठ ही भट्टीची रचना. या दोहोंचा निर्णय वेगवेगळा घ्यावा लागतो.

थोरियम आपणहून विखंडत नाही, म्हणजे त्याचा अणू फुटून ऊर्जा देत नाही. न्यूट्रॉन शोषल्यावर त्याचं प्रोटॅक्टिनियम-२३३ होतं आणि सुमारे २७ दिवसांच्या अर्धायुष्याने त्यातून युरेनियम-२३३ तयार होतं. त्यामुळे भट्टी कोणतीही असो, सुरुवातीला युरेनियम किंवा प्लुटोनियम लागतंच.

जड पाण्याची भट्टी (जिच्यात न्यूट्रॉन मंदावायला जड हायड्रोजनचं पाणी वापरतात) आपल्या हातची आहे. तारापूरला ५४० मेगावॉटच्या दोन चालू आहेत, गुजरातेत काक्रापारला ७०० मेगावॉटच्या. काक्रापारच्याच जुन्या, पहिल्या भट्टीत सुरुवातीच्या भरणीत थोरियमचे बंडल वापरलेही होते. अडचण नंतर येते. युरेनियम-२३३ काढून घ्यायला वापरलेलं थोरियम ऑक्साइड आम्लात विरघळवावं लागतं, पण ते सहजी विरघळत नाही. युरेनियम-२३३ सोबत थोडं युरेनियम-२३२ येतं आणि त्याच्या क्षयातून तीव्र गॅमा किरणं निघतात. म्हणून नवं इंधन जाड भिंतीआड, यंत्रांच्या हातांनीच बनवावं लागतं.

मिठाच्या भट्टीत इंधनच फ्लोराइड क्षारांत विरघळलेलं असतं, त्यामुळे इंधनाच्या घन गोळ्या घडवायच्या नाहीत. दाब वातावरणाच्या आसपास, तापमान ६५० अंशांच्या पुढे. जास्त दाब नसल्याने पाणी फुटून वाफ होण्याचा धोका टळतो. तापमान जास्त असल्याने त्याच उष्णतेतून वीज अधिक मिळते. वीज गेली तर तळाशी गोठवून ठेवलेलं मिठाचं बूच वितळतं आणि सगळं इंधन खालच्या टाक्यांत उतरतं. मला ही रचना खरोखर सुंदर वाटते.

पण तिचा अनुभव किती तोकडा आहे ते पाहा. अमेरिकेत ओक रिज प्रयोगशाळेची प्रायोगिक भट्टी १९६५ ते १९६९ चालली, आणि तिच्या मिठात थोरियम नव्हतंच. खास बनवलेल्या निकेल मिश्रधातूला टेल्युरियममुळे बारीक तडे गेले. मिठातल्या लिथियममधून ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) तयार होतं आणि ते तापलेल्या धातूतून आरपार जातं, म्हणून लिथियमचा शुद्ध लिथियम-७ हा प्रकारच हवा. पंप आणि नळ्या इतक्या किरणोत्सारी होतात की दुरुस्तीसाठी माणूस जवळ जाऊ शकत नाही. भट्टी बंद झाल्यावरही प्रश्न संपले नाहीत: थंड मिठातून फ्लोरीन सुटत राहिला आणि युरेनियम वायूच्या नळ्यांत जाऊन बसलं. हे १९९४ मध्ये लक्षात आलं. शिवाय प्रोटॅक्टिनियम वेगळं काढलं तर जवळजवळ शुद्ध युरेनियम-२३३ हाती येतं, आणि ते बॉम्बलाही चालतं.

चीनची गान्सू प्रांतातली मिठाची भट्टी २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्यात थोरियमही घातलं आहे. पण ती २ मेगावॉट उष्णतेची आहे, वीज देत नाही.

येत्या दहा-पंधरा वर्षांत वीज हवी असेल, तर माझं मत निःसंशय जड पाण्याच्या बाजूने आहे. मिठाच्या भट्टीवर पैसा जरूर लावावा, पण संशोधनाचा म्हणून: भाभा अणुसंशोधन केंद्राने तिचा भारतीय आराखडा मांडलेलाच आहे, त्यासाठी धातू आणि क्षारांच्या प्रयोगशाळा हव्यात. महाजेनकोला मात्र आजच तीन प्रश्न विचारावेत: भट्टी कोणत्या प्रकारची, सुरुवातीचं विखंडनक्षम इंधन कोण देणार, आणि वापरलेलं इंधन कुठे जाणार?