बदामाला किंमत आली: 'किंग ऑफ टोकियो'चं 'पॉवर अप', आठ महिन्यांनंतर

'किंग ऑफ टोकियो' आमच्या घरी बरीच वर्षं आहे. रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला २०११ चा फाशांचा खेळ; प्रत्येक गडी एकेक राक्षस होतो. सहा फासे, फार तर तीनदा टाकायचे. आधी २० गुण करेल किंवा शेवटपर्यंत तगेल तो राक्षस जिंकला. त्यात मला एकच गोष्ट खटकायची. चित्र सोडलं तर सगळे राक्षस सारखेच. भाचा दर वेळी गिगाझॉरसाठी हटून बसायचा, आणि तो मिळाला तरी वेगळं काही करता यायचं नाही.

'पॉवर अप' हा त्याचा विस्तार, म्हणजे मूळ खेळाला जोडायचा जादा संच. त्यात प्रत्येक राक्षसाला त्याची स्वतःची ८ उत्क्रांती-कार्डं, म्हणजे खास ताकद देणारी कार्डं आहेत. फाशांवर तीन बदाम पडले (हृदयाला आम्ही पत्त्यांसारखं बदामच म्हणतो) की त्यातलं एक उचलायचं. एवढ्याने खेळ किती बदलतो! टोकियोत, म्हणजे पटावरच्या शहरात, बसलेल्या राक्षसाला बदामांनी जखमा भरता येत नाहीत, म्हणून तिथे ते फुकट जायचे. आता टोकियोत असतानाही तीन बदामांवर कार्ड मिळतं. त्यामुळे दोन बदाम आले की हात थांबतो: तिसऱ्याची वाट बघायची, की पंजे (फाशावरची हल्ल्याची खूण) गोळा करून बाकीच्यांना झोडपायचं? आमच्याकडे सगळ्यात जास्त आरडाओरडा आता याच क्षणी होतो.

कार्ड लगेच खेळायची सक्ती नाही, लपवून ठेवता येतं. मला हे फार आवडतं. पण आईची इथे अडचण व्हायची. मजकूर इंग्रजीत; ती कोणाला तरी विचारणार आणि गुपित फुटणार. शेवटी एका रविवारी बसून मी प्रत्येक राक्षसाच्या आठही कार्डांचा मराठी अर्थ एकेका कागदावर लिहिला. आता ती कागद बघते, गप्प बसते आणि नेमक्या वेळी कार्ड टाकते. नवा पांडा, म्हणजे पांडाकाई, तर तिने कायमचा स्वतःकडेच घेतलाय.

उणिवा आहेत. लवकर बाद झालेला गडी अजूनही नुसता बसून राहतो, आणि पाच-सहा जण असले की ते जास्त जाणवतं. त्यावर या विस्तारात उपाय नाही. शिवाय एखाद्या डावात कोणालाच तीन बदाम पडत नाहीत, मग विस्तार घेतला काय नि न घेतला काय. म्हणून आम्ही सुरुवातीलाच प्रत्येकाला एकेक कार्ड वाटतो. हा आमचा घरचा नियम, पण करून बघा. दोघंच खेळत असाल तर मी आग्रह करणार नाही. मजा चार जणांपासून पुढे आहे.

घेताना आवृत्ती मात्र नीट बघा. मूळ खेळाच्या २०१६ च्या नव्या आवृत्तीत क्रॅकन आणि सायबर बनी जाऊन स्पेस पेंग्विन आणि सायबर किटी आले. त्याआधीचा जुना विस्तार हाती आला, तर या दोन नव्या राक्षसांसाठी त्यात कार्डं नसतील.