घोंगडीचे ध्यानासन : पाच महिन्यांच्या बैठकीनंतर

गुढीपाडव्याला सांगलीतील एका दुकानातून मी ‘ध्यानसंच’ या नावाने विकली जाणारी पेटी २,८५० रुपयांना घेतली. पेटीत २४ इंच लांबी-रुंदीचे घोंगडीचे चौरस आसन, त्यावर ठेवायची अर्धचंद्राकृती उशी, तुळशीची माळ आणि एक जाड, गुळगुळीत कार्ड अशा चार वस्तू निघाल्या. या आसनावर सलग ४१ दिवस बसणाऱ्याचा अहंकार विरघळू लागतो आणि तो आत्मज्ञानाच्या उंबरठ्यावर येऊन पोहोचतो, असे त्या कार्डावर सोनेरी अक्षरांत छापलेले आहे. सहकारी बँकेत ३४ वर्षे कर्जप्रकरणे तपासल्यामुळे छापील आश्वासन दिसले की त्याखालच्या अटी शोधायची मला खोड आहे. येथे अटी नव्हत्या. पाडव्यापासून गणेशोत्सवापर्यंत, म्हणजे सुमारे पाच महिने, मी हा संच रोज वापरला आणि त्यातील प्रत्येक वस्तूबद्दल माझे मत वेगवेगळे झाले.

आसन कोणासाठी आणि कशासाठी वापरले हे आधी सांगायला हवे. माझे वय ६२ आहे आणि डाव्या गुडघ्यातील कूर्चा झिजलेली आहे. तीन वर्षांपूर्वी मी विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर केले होते. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली ब्रह्मदेशातून येऊन भारतात शिकवायला सुरुवात केलेली ही पद्धत आहे. तिच्यात पहिले तीन दिवस केवळ नाकपुड्यांशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवायचे असते, चौथ्या दिवसापासून अंगावरील संवेदना डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळायच्या असतात, आणि दिवसातून तीन वेळा एक-एक तास डोळे न उघडता आणि हात-पाय न हलवता बसायचे असते. अहंकाराबद्दल मला जे थोडेफार कळले ते त्या तासांत, डाव्या गुडघ्यापाशी कळले. ‘गुडघा दुखतो आहे’ हे निरीक्षण असते. ‘माझा गुडघा दुखतो आहे’ म्हटले की वेदनेला मालक मिळतो. आणि ‘माझाच का दुखतो’ इथपर्यंत आलो की तो मालक तक्रार घेऊन उभा राहिलेला असतो. वेदना तिन्ही वेळी तेवढीच असते, हे पुस्तकात वाचून पटले नसते. घरी मी पहाटे पाच ते पावणेसहा बसतो, आणि फरशीवर चादर अंथरून बसण्याचे दिवस संपल्यामुळे या खरेदीची वेळ आली.

आता आसन. हे अस्सल घोंगडीचे आहे, याबद्दल मला शंका नाही. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते, तिच्या सुतात जाड केस असतात आणि ते उघड्या कातडीला टोचतात. मऊ लागणारी ‘घोंगडी’ मिळाली तर तीत दुसरे काहीतरी मिसळलेले आहे असे खुशाल समजावे. ताण्याच्या सुताला चिंचोक्याची खळ देऊन ते मागावर चढवतात, त्यामुळे नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ असते. माझे आसन पहिला महिनाभर तसेच होते आणि मग बसून बसून त्याला लवचिकपणा आला. लोकरीच्या तंतूंत हवा अडकून राहते, म्हणून फरशीचा गारवा वर येत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही, याचा प्रत्यय मला आषाढात आला, जेव्हा घरातली प्रत्येक चादर दमट होती आणि हे आसन तेवढे कोरडे वाटत होते. वास मात्र आला. पावसाळी हवेत मेंढीचा वास येणारच, आणि तो ज्याला सोसत नाही त्याने हा नाद करू नये.

दुकानदाराने सांगितले होते की लोकरीमुळे साधनेची ऊर्जा जमिनीत जात नाही. कोरडी लोकर उष्णतेची आणि विजेची मंद वाहक आहे एवढे खरे. बाकीचे त्याने स्वतःच्या जबाबदारीवर सांगितले असे मी धरतो.

चैत्र-वैशाखात सांगलीच्या उन्हाळ्यात या आसनावर उघड्या पायांनी बसणे ही शिक्षा होती. घोट्यांना लोकर टोचे, घाम येई आणि मन श्वासावर राहण्याऐवजी खाजेवर राही. तिसऱ्या दिवशी मी आसनावर धुतलेला सुती पंचा पसरला आणि प्रश्न मिटला. नंतर गीतेच्या सहाव्या अध्यायातील आसनाचे वर्णन पुन्हा वाचले, तेव्हा ‘चैलाजिनकुशोत्तरम्’ या शब्दाचा अर्थ नव्याने कळला. तळाशी दर्भ, त्यावर मृगाजिन आणि सर्वांत वर वस्त्र, असा तो क्रम भाष्यकार सांगतात. खाली थंडी-ओल अडवणारे आणि वर अंगाला न बोचणारे, असा हा साधा गृहस्थी विचार आहे. त्याच ठिकाणी आसन फार उंच नसावे आणि फार खाली नसावे असेही म्हटले आहे, आणि गुडघेदुखीच्या माणसाला याहून नेमका सल्ला अस्थितज्ज्ञही देणार नाही.

आसनाविषयी माझ्या दोन तक्रारी आहेत. पहिली मापाची. मांडी घातल्यावर माझ्या एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत अंतर २९ इंच भरते, आणि आसन आहे २४ इंचांचे. त्यामुळे दोन्ही गुडघे फरशीवर टेकतात, म्हणजे ज्या अवयवासाठी खरेदी केली तोच बाहेर राहतो. ३० इंचांखालचे आसन प्रौढ माणसासाठी विकूच नये. दुसरी तक्रार लाल काठाची आहे. घोंगडीचा काळा रंग मेंढीचा असल्यामुळे जात नाही, पण काठाच्या सुताचा लाल रंग पहिल्याच पाण्यात सुटला आणि माझ्या पांढऱ्या लेंग्यावर बसला.

माळेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मणी मी बँकेच्या सवयीने मोजले, १०८ भरले.

उशीबाबत मात्र फसवणूक झाली असे म्हणावे लागते. बैठकीखाली तीन-चार इंचांची उंची मिळाली की नितंब गुडघ्यांपेक्षा वर राहतात, कंबर पुढे झुकते, पाठ ताणाशिवाय ताठ राहते आणि पायांतील नसांवरचा दाब कमी झाल्यामुळे मुंग्याही उशिरा येतात. म्हणून ध्यानाच्या उशीचा सगळा जीव तिच्या भरावात असतो. जपानी झेन परंपरेतील गोल उशांत सावरीचा कापूस किंवा बकव्हीट नावाच्या धान्याची टरफले भरतात, कारण दोन्ही दबून बसले तरी लगेच सपाट होत नाहीत. माझ्या पेटीवर ‘शुद्ध सावरीचा कापूस’ असे लिहिले होते. दोन महिन्यांत उशी चार इंचांवरून अडीच इंचांवर आली, तेव्हा शिवण उसवून पाहिली तर आत फोमचे रंगीबेरंगी तुकडे निघाले. दुकानात गेलो. दुकानदार सभ्य माणूस निघाला, त्याने चहा मागवला आणि म्हणाला, “काका, माल बंद पेटीतच येतो, आम्ही काय उसवून बघत नाही.” कार्डाचे विचारले तर म्हणाला, “ते छापूनच येतं. वाचतं कोण?” पैसे परत मिळाले नाहीत. शेवटी गावभागातील एका पिंजाऱ्याकडून मी त्या खोळीत सव्वा किलो सावरीचा कापूस दाबून भरून घेतला आणि आता उशी उत्तम आहे, पण तिचे श्रेय त्या पिंजाऱ्याला.

राहिले कार्ड, ज्याच्यासाठी मी हे सगळे लिहायला बसलो. ४१ दिवसांचा आकडा मी मनावर घेतला, हे कबूल करतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज पेन्सिलीने टिंब करत गेलो, एकही दिवस चुकवला नाही, आणि पस्तिसाव्या दिवशी आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना ही गोष्ट सहज म्हणून सांगितली. ते ‘सहज’ मी घरून ठरवून आणले होते. त्यांच्यापैकी एकाने आपण ५० मिनिटे बसतो असे सांगताच दुसऱ्या दिवसापासून माझी बैठक ५५ मिनिटांची झाली. श्वास आत येतो आहे, बाहेर जातो आहे, आणि त्याच्या मागे कोणीतरी घड्याळ घेऊन बसलेला आहे, असे पुढचे सहा दिवस चालले. एक्केचाळिसाव्या दिवशी मी ते कार्ड पत्नीला वाचून दाखवले. ती म्हणाली, “अहो, पाच वाजता विरघळलेला अहंकार साडेसहाला दूधवाला आला की परत थिजतो का?” दूधवाल्याशी सुट्या पैशांवरून त्याच सकाळी माझा वाद झालेला होता.

मी एकटाच असा आहे असे नाही. २०१८ साली ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात जर्मनीतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात योगाचा सराव करणाऱ्या ९३ जणांना १५ आठवडे आणि ध्यान करणाऱ्या १६२ जणांना चार आठवडे वेळोवेळी प्रश्न विचारले गेले. सरावानंतर स्वतःला इतरांपेक्षा सरस समजण्याची प्रवृत्ती कमी होण्याऐवजी वाढलेली आढळली. शिवाय त्यांना बरेही वाटत होते. संशोधकांचे म्हणणे असे की ज्या गोष्टीत आपण कौशल्य मिळवू लागतो ती आपल्या मोठेपणाचा भाग होते, आणि ध्यान त्याला अपवाद ठरत नाही. म्हणजे अहंकार विरघळवण्याचे कौशल्य मिळाले की अहंकाराला त्याचेही प्रमाणपत्र भिंतीवर लावता येते. दिनदर्शिकेवरची माझी ४१ टिंबे दुसरे काही नव्हती.

यावर आपल्याच जिल्ह्यातून निघालेल्या एका परंपरेचे म्हणणे मला कार्डापेक्षा अधिक पटते. जत तालुक्यातील उमदीचे भाऊसाहेब महाराज, त्यांचे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज आणि त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज अशी ती ओळ आहे. निसर्गदत्त मुंबईत खेतवाडीत राहत, त्यांचे विड्यांचे दुकान होते, आणि माडीवरच्या छोट्या खोलीत ते येणाऱ्यांशी बोलत. त्यांचा रोख ‘मी’ला मारण्यावर नव्हता. ‘मी अमुक आहे’ यातील ‘अमुक’ बाजूला ठेवून नुसत्या ‘मी आहे’ या जाणिवेपाशी थांबा, मग ती जाणीव कोठून उगवते ते पाहा, असे ते सांगत. अहंकार हा विरघळवण्याचा पदार्थ आहे असे एकदा मानले की विरघळवणारा कोणीतरी लागतो, आणि तो त्याहून जाड असतो. ‘मी निवृत्त अधिकारी आहे’, ‘मी ५५ मिनिटे बसणारा आहे’ ही अमुके पहाटे एकामागून एक येताना दिसतात, एवढे मला आता कधीकधी जमते. ते दिसणे चार-दोन श्वास टिकते. त्याला ज्ञान म्हणायची माझी तयारी नाही, पण ते टिंब करून मोजता येत नाही हे मला आवडते. बेचाळिसाव्या दिवसापासून दिनदर्शिकेवर टिंब नाही, आणि बैठक पुन्हा ४५ मिनिटांची आहे.

आसनाच्या महत्त्वाबद्दल बौद्ध कथेतला एक तपशीलही येथे आठवतो. बोधिवृक्षाखाली बसण्यापूर्वी सिद्धार्थाला सोत्थिय नावाच्या गवत कापणाऱ्याने आठ मुठी गवत दिले, आणि त्याच गवतावर तो बसला, असे कथा सांगते. गवताचे पैसे घेतल्याचा उल्लेख नाही. कार्ड तर नव्हतेच.

जुलैत एका लग्नाच्या निमित्ताने आटपाडीला गेलो होतो, तेव्हा बाजारात खांद्यावर घोंगड्या टाकून उभ्या असलेल्या एका वयस्कर धनगराकडून मी १,६०० रुपयांना पूर्ण मापाची काळी घोंगडी घेतली. ध्यानाला चालेल का, असे मी विचारले. तो म्हणाला, “बसाय चालंल, निजाय चालंल, पावसात डोक्यावर घ्याय चालंल. आजून काय करायचं हाय?” ही घोंगडी चार पदरी दुमडली की गुडघ्यांसकट पूर्ण माणूस मावतो, फरशी जाणवत नाही, आणि हिवाळ्यात तीच अंगावरही घेता येते. विणकर ओळखीचा असेल किंवा म्हसवड, आटपाडीकडे जाणे-येणे असेल, तर दुकानातली पेटी घेण्याचे काहीच कारण नाही. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी याच दुकानात नुसते आसन सुटे मागावे, ते ९०० रुपयांना मिळते, आणि ३० इंचांचे मागवून देता का हे आधी विचारावे. उशी गादीवाल्याकडून करून घ्यावी.

घोंगडीची निगा राखणे सोपे आहे, पण टाळाटाळ चालत नाही. यंत्रात धुऊ नये, गार पाण्यात बुडवून न पिळता सावलीत निथळत टाकावी आणि पंधरा दिवसांतून एकदा ऊन दाखवावे. घडी करून कपाटात ठेवायची असेल तर कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा, कारण लोकरीला कसर लागते. माझ्या आसनाच्या एका कोपऱ्याला श्रावणात ती लागली, आणि पत्नीने तेथे काळ्या दोऱ्याने रफू करून दिले आहे.